कपाटातला कॅमेरा, हातातला कॅमेरा

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांविषयी अलीकडे पुन्हा बोलले जाऊ लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. बोलणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ दिसतात. एक पंथ संग्राहकांचा. कॅमेऱ्याचा क्रमांक, मूळचे चामडे, न झिजलेला मुलामा आणि शाबूत खोके यांचे त्यांना अप्रूप. दुसरा पंथ नव्याने फिल्मकडे वळलेल्या तरुणांचा. फोटोवरचे कण, कडेने शिरलेला उजेड, विटके रंग यांत त्यांना गतकाळाचा गंध येतो. दोघांच्याही प्रेमाबद्दल मला शंका नाही. परंतु एक प्रश्न हे दोघेही टाळतात, आणि समीक्षेच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे. या यंत्राने कोणती चित्रे शक्य केली, आणि कोणती अशक्य करून ठेवली?

साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. ओवीत जे मोकळेपणी सांगता येते ते शार्दूलविक्रीडितात सांगायला गेले की भाषेची ठेवण बदलते, आणि ठेवण बदलली की सांगायची गोष्टही थोडी बदलते. म्हणून कवितेचा विचार करताना आपण वृत्ताचा विचार करतो. छायाचित्राचा विचार करताना मात्र कॅमेरा आपण विसरतो, किंवा मग केवळ कॅमेऱ्याचेच कौतुक करीत बसतो. कॅमेरा हे छायाचित्राचे वृत्त आहे असे मानून त्याच्याकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी संग्राहकांविषयी. २०२२ च्या जून महिन्यात जर्मनीतल्या वेट्झलार गावी एक कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तोवर कुठल्याही कॅमेऱ्याला एवढी किंमत आलेली नव्हती. लायका कारखान्याने १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी जे मोजके नग बनवले त्यांतला हा एक, क्रमांक १०५. लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक हा स्वतः तो वापरीत असे, आणि त्याचे नावही त्यावर कोरलेले आहे. आता गंमत पाहा. बार्नाकला दम्याचा विकार होता. त्या काळचा अवजड कॅमेरा आणि काचांचे ओझे वागवणे त्याला जमेना, म्हणून सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावेल असे यंत्र त्याने घडवले. या १०५ क्रमांकाच्या कॅमेऱ्यावर त्याने आपल्या घरच्या माणसांचे फोटो काढले. म्हणजे जे यंत्र सहज हाताळता यावे म्हणून जन्माला आले, त्याची किंमत आज इतकी झाली आहे की ते हाताळायची कुणाची छाती होऊ नये.

संग्रह करूच नये असे मला म्हणायचे नाही. २०१९ मध्ये छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी गुरुग्राम येथे 'म्युझिओ कॅमेरा' हे संग्रहालय उभे केले. अशा ठिकाणी कॅमेरे ओळीने मांडलेले पाहिले की दीडशेहून अधिक वर्षांची वाट डोळ्यांपुढे उभी राहते. तो संग्रह ज्ञानासाठी असतो. माझी तक्रार आहे ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाबद्दल, जिथे कॅमेरा पितळी समईशेजारी शोभेला बसतो आणि त्याने काढलेला एकही फोटो घरात सापडत नाही.

दुसऱ्या पंथाची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९९२ मध्ये व्हिएन्ना शहरात लोमोग्राफी नावाची चळवळ सुरू झाली. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यातला एलसी-ए हा छोटा कॅमेरा हे तिचे दैवत. हाँगकाँगमध्ये बनलेला होल्गा हा प्लास्टिकचा कॅमेराही पुढे त्या देव्हाऱ्यात बसला. फार विचार न करता कळ दाबावी, हा तिचा उपदेश. दुकानांतून फिल्म दिसेनाशी होत असताना या मंडळींनी तिची मागणी जिवंत ठेवायला हातभार लावला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्यांनी जी रुची घडवली तिच्यात मला एक खोट दिसते. यंत्राचा दोष हीच कलेची खूण मानली गेली. उजेड शिरून डागाळलेला फोटो म्हणजे काव्यात्म, धूसर फोटो म्हणजे भावपूर्ण, असे समीकरण बनले. आज तर मोबाइल फोनवर बोट फिरवले की स्वच्छ फोटोवरही हे डाग चढवता येतात. ज्यांनी आयुष्यभर स्टुडिओ चालवला त्यांना हे पाहून काय वाटेल? कॅमेऱ्यात उजेड शिरू नये म्हणून भात्याची भोके बुजवण्यात, काचेवरची धूळ टिपण्यात, प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरण्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांच्या हरलेल्या लढाईलाच आपण त्यांची शैली समजतो. जुन्या पोथीतल्या लेखनिकाच्या चुका म्हणजे तिचे काव्य, असे कुणी म्हटले तर आपण हसू. इथे मात्र आपण माना डोलावतो.

मग साध्या, स्वस्त कॅमेऱ्याची खरी शैली कोणती? त्यासाठी आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्या मध्यमवर्गाच्या हातात जो कॅमेरा आला तो वडोदऱ्याला बनत होता. न्यू इंडिया इंडस्ट्रीज या तिथल्या कारखान्यातून 'आग्फा क्लिक थ्री' बाहेर पडे. १२० नंबरचा रोल, त्यावर १२ चौकोनी फोटो, पाठीमागे लाल खिडकीतून दिसणारा आकडा, आणि समोर साधे भिंग. अंतर जुळवायची भानगड नाही. ऊन की ढग एवढे ठरवायचे आणि कळ दाबायची. इकडे उटीला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचे 'इंदू' रोल दुकानांत आले. ती कंपनी आता बंद पडली आहे. पण देशी कॅमेरा आणि देशी रोल यांचा संसार त्या काळी अनेक घरांत झाला.

या कॅमेऱ्याने काढलेले अल्बम मी गेली कित्येक वर्षे पाहतो आहे. बेळगावची टिळकवाडी असो, मडगाव असो, इंदूर असो की वडोदऱ्याची दांडिया बाजार, पाने उलटली की चित्र तेच. मंडळी अंगणात किंवा गच्चीवर उभी. पायांपासून डोक्यापर्यंत सगळे दिसतात आणि वर बरेचसे आकाश उरते. डोळे बारीक केलेले, कपाळाला आठी. आपण म्हणतो, जुनी माणसे फोटोत गंभीर असत, हसत नसत. मला हे स्वभावाचे लक्षण वाटत नाही; हे कॅमेऱ्याचे व्याकरण आहे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा, हा साध्या कॅमेऱ्याचा पहिला नियम. तो पाळला की ऊन समोरच्यांच्या थेट डोळ्यांत जाते. भिंगाला जवळचे स्पष्ट दिसत नाही, म्हणून चार पावले मागे सरकायचे. मागे सरकले की चेहरा लहान होतो आणि अंगण मोठे होते. १२ फोटोंत वर्षाचे सगळे सण, एखादे बारसे आणि एखादी सहल बसवायची, म्हणून एका प्रसंगाला एकच फोटो. आणि एकच फोटो म्हटला की सगळ्यांनी ताठ उभे राहायचे.

इथवरचे वाचन कुणीही करील. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते या अल्बमांत जे नाही ते. स्वयंपाकघर नाही. माजघर नाही. दिवेलागणीनंतरचे घर नाही. पावसाळा तर नाहीच. आमच्या खानापूरच्या बाजूला किंवा गोव्यात वर्षाचे चार महिने पावसाचे. पण अल्बम पाहून कुणाला वाटावे की हा बाराही महिने उन्हाचा मुलूख आहे. फ्लॅशचा दिवा वेगळा घ्यावा लागे, त्याचे बल्ब एकदा उडाले की फुकट. ती चैन लग्नाकार्यापुरती. परिणाम असा झाला की ज्या बायकांचे सारे आयुष्य चुलीपुढे, जात्याशी आणि परसदारी गेले, त्या फोटोत सापडतात त्या लुगडे बदलून, पदर सावरून, अंगणात आणून उभ्या केलेल्या. त्यांचे हात रिकामे आहेत. एरवी ते हात कधी रिकामे नसत. कुणी मुद्दाम केलेला हा अन्याय नव्हे. उजेडाच्या हिशेबाने तो होऊन गेला. पण नातवंडांनी आजी ओळखायची ती त्या रिकाम्या हातांच्या फोटोवरून, हे विसरून चालणार नाही.

यंत्राच्या मर्यादा सर्वांनाच असतात. थोर छायाचित्रकार त्या मर्यादांतून आपली रीत कशी काढतो, हे पाहायला पुन्हा आपल्याच गावांकडे यावे लागते. राजा दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात छायाचित्रणाला आरंभ केला तो इंदुरात, सार्वजनिक बांधकाम खात्याची नोकरी करता करता. पुढे निजामाने त्यांना आश्रय दिला, सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. तिवईवरचा मोठा कॅमेरा, काचेच्या जड प्लेटा, वाट पाहायला लावणारा प्रकाश. पण शिक्षणाने ते इमारतींचे नकाशे जाणणारे गृहस्थ. किल्ला, राजवाडा किंवा दरबारी मंडळींचा समूह, त्यांच्या चित्रात सगळे एखाद्या रेखीव आराखड्यासारखे जागच्या जागी बसते. कॅमेरा हलवता येत नाही ही अडचण. तिचे त्यांनी स्थैर्य केले. दरबारी वैभवाला ते स्थैर्य शोभलेही. घाईत असलेला माणूस मात्र त्या काचांवर फारसा सापडत नाही.

होमाई व्यारावाला यांची गोष्ट याच्या उलट. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे त्यांच्या हातातले कॅमेरे. रोलायफ्लेक्समध्ये पाहायचे ते वरून, मान खाली घालून, पोटाशी धरलेल्या काचेत. आणि त्या काचेत उजवे डावीकडे दिसते. डोळ्यांपुढे यंत्र नसल्यामुळे समोरच्याला आपल्यावर काही रोखले आहे असे वाटत नाही. त्यांच्या चित्रांतले नेहरू किंवा परदेशी पाहुणे जे सैल, बेसावध दिसतात, त्यात बाईंच्या धीराचा आणि चाणाक्षपणाचा वाटा मोठा आहेच. पण पोटाशी धरलेल्या त्या कॅमेऱ्याच्या नम्र पवित्र्याचाही थोडा वाटा असावा असे मला वाटते. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. उतारवयातली दीर्घ वर्षे त्या वडोदऱ्यात राहिल्या आणि २०१२ च्या जानेवारीत तिथेच वारल्या. ज्या शहरातून हजारो घरांसाठी साधा कॅमेरा बाहेर पडला, त्याच शहरात देशातली एक मोठी छायाचित्रकार शांतपणे राहत होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवून कुणी वडोदऱ्याविषयी लिहायला हवे.

आता दुरुस्तीविषयी, कारण माझ्या मते जुन्या कॅमेऱ्याचा खरा समीक्षक म्हणजे तो उघडणारा माणूस. आमच्या गावात एक वयस्क दुरुस्तीकार आहेत. घरची भाषा कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि हत्यारांशी इंग्रजी. एकदा एका घडीच्या कॅमेऱ्याचे शटर चिकटले म्हणून मी त्यांच्याकडे गेलो आणि थेंबभर तेल घालावे का, असे विचारले. ते म्हणाले, "सर, तेल घालू नका. मागच्यानं तेल घातलं म्हणूनच बसलंय की हे."

"मग आता, काका?"

"आता काय, पुसायचं. दम धरून पुसत बसायचं."

शटरच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात आणि त्या कोरड्याच असाव्या लागतात. तेलाचा ओघळ त्यांच्यावर आला की वर्षांनुवर्षांत त्याचा डिंक होतो. स्पिरिटने किंवा लायटरच्या पेट्रोलने तो हळूहळू काढावा लागतो. असे कितीतरी बारकावे आहेत आणि प्रत्येकामागे कारण आहे. झॉर्की किंवा फेद या रशियन कॅमेऱ्यांत शटरची गती बदलायची ती आधी फिल्म पुढे सरकवून, नंतर. उलट केले तर आतली यंत्रणा बिघडू शकते. त्यांचे शटर कापडी. भिंग उघडे ठेवून कॅमेरा उन्हात ठेवला तर भिंगातून गोळा झालेला सूर्य कापडाला भोक पाडतो. १९७० च्या आसपासच्या जपानी कॅमेऱ्यांत पाठीमागच्या दारापाशी स्पंजाच्या पट्ट्या असतात; त्यांचे पुढे काळे डांबर होते, ते खरवडून नवी पट्टी किंवा लोकर बसवावी लागते. त्यांतल्या अनेकांचा प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चाले. ते सेल आता मिळत नाहीत. दीड व्होल्टचा साधा सेल घातला की मापक खोटे आकडे सांगतो. आणि आपल्या हवेचा मोठा शत्रू म्हणजे भिंगावरची बुरशी. चामड्याची जी पेटी आपण जपून ठेवतो तीच पावसाळ्यात ओल धरते. कॅमेरा पेटीबाहेर, कोरड्या हवेत ठेवावा आणि महिन्यातून एकदा सगळ्या गतींवर शटर चालवावे. तंबोरा खुंटीला टांगून ठेवला म्हणजे जपला असे होत नाही, कॅमेऱ्याचेही तेच.

हे ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नाही, आणि मराठीत तर नाहीच. हातातून हातात गेले तरच ते राहते. आमच्या दुरुस्तीकारांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्यात वावगे काही नाही. पोट त्यावर चालते. पण आणखी दहा वर्षांनी संग्राहकांच्या कपाटात चकचकीत कॅमेरे असतील आणि त्यांतला एकही उघडू शकणारा माणूस जिल्ह्यात नसेल, ही भीती मला खरी वाटते.

राहिला प्रश्न वापराचा. १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये काढला आणि तो आजही तयार होतो. शंभराहून अधिक वर्षे टिकलेली अशी वस्तू यंत्रयुगात विरळाच. त्यामुळे माळ्यावरचा क्लिक थ्री आजही चालू शकतो. ६२० आणि १२७ नंबरचे रोल कोडॅकने १९९५ मध्ये बंद केले. ६२० च्या कॅमेऱ्यात १२० ची फिल्म अंधारात दुसऱ्या रिळावर गुंडाळून घालतात. रोल महाग झाला आहे, धुणारी दुकाने थोडी उरली आहेत; तरी घरच्या न्हाणीत अंधार करून कृष्णधवल रोल धुणे चिकाटीच्या माणसाला अवघड नाही.

पण काढायचे काय? इथे नव्या मंडळींशी माझा मतभेद आहे. जुन्या कॅमेऱ्याने जुन्यासारखे दिसणारे फोटो काढण्यात मला अर्थ वाटत नाही. तसे फोटो आपल्या वडीलधाऱ्यांनी काढून ठेवले आहेत आणि ते अस्सल आहेत. जे त्या यंत्राला तेव्हा साधले नाही ते आज साधते का, हे पाहणे मला मोलाचे वाटते. आज चारशे गतीची फिल्म सहज मागवता येते आणि धुण्याचा वेळ वाढवून ती आणखी ताणता येते. गेल्या दोन पावसाळ्यांत मी क्लिक थ्री घेऊन नात्यातल्या घरांत हिंडलो. पडवीतले पाणी, इरल्याऐवजी प्लास्टिकचे कागद पांघरून शेताकडे निघालेली माणसे, आणि एका मावशींकडे परसदाराशी, भाकरी थापताना दाराच्या उजेडात दिसणारे त्यांचे हात. बारापैकी तीन-चारच फोटो धड आले. हात किंचित हललेले आहेत, कोपरे काळवंडले आहेत. त्या धूसरपणाचे मला कौतुक नाही. तो नसता तर बरे झाले असते. पण साठ वर्षांपूर्वी वडोदऱ्याहून निघालेल्या त्या यंत्राने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोबाइलने हे काम क्षणात आणि अधिक चांगले होते, हे खरे. मात्र जुन्या अल्बमात जी पोकळी आहे तिचे माप त्याच कॅमेऱ्याने घेतल्यावर जसे कळते, तसे मोबाइलने कळत नाही.

आणि हे माप आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या घरांना अधिक लागते. आजोबांची पत्रे वाचू शकणारी नातवंडे आपल्याकडे वर्षागणिक कमी होत आहेत. कुणाची शाळा कन्नड, कुणाची गुजराती, बहुतेकांची इंग्रजी. फोटोला लिपी लागत नाही, म्हणून घरातली तीच एक वस्तू सगळ्यांची राहते. पण फोटोच्या पाठीवरची नावे लिपीतच असतात, आणि ती गेली की फोटो अनोळखी माणसांचा होतो. तेव्हा दोन-तीन साध्या गोष्टी. नावे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने आणि दोन्ही लिप्यांत लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो शक्य तर काढून कागदी पाकिटांत ठेवावेत. निगेटिव्ह टाकू नयेत, कारण मूळ चित्र तेच. त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला असेल तर ती कुजू लागली आहेत, त्यांच्या प्रती आधी करून घ्याव्यात. १९७० आणि ८० च्या दशकांतले रंगीत फोटो तांबूस पडलेले आणि त्याआधीचे कृष्णधवल मात्र टवटवीत, हे पुष्कळ घरांत दिसते. रंग हे रंगद्रव्याचे असतात, ते उडतात. कृष्णधवल चित्र चांदीचे असते, ते नीट धुतले असेल तर टिकते.

माळा आवरताना कॅमेरा हाती लागला तर तो भंगारात घालू नये, आणि लगेच कपाटातही मांडू नये. पाठीमागचे दार उघडण्याआधी लाल खिडकीत आकडा दिसतो का पाहावे. आत अर्धा राहिलेला रोल असू शकतो. मग अंधारात तो काढून जाणकाराकडे धुवायला द्यावा. चित्र उमटेलच असे नाही. उमटले तर आधी कोण कोण दिसते ते पाहू, आणि मग त्यांचे हात कशात गुंतले आहेत तेही.